मेलेलं माणूस मेलेलंच राहतं का? ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’चे सीझन कुठे आणि का घसरतात

पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात, हॅलोविनच्या रात्री, ॲडीला रस्त्यात गाडी उडवते. तिची आई कॉन्स्टन्स धावत येते, तिला धरते आणि शेजारच्या घराच्या हिरवळीकडे ओढत नेऊ लागते. जखमी मुलीला ही बाई अशी फरफटत का नेतेय, हे क्षणभर कळत नाही. मग लक्षात येतं. त्या घराच्या हद्दीत जो मरतो तो भूत होऊन तिथेच राहतो, हे कॉन्स्टन्सला पक्कं ठाऊक आहे. मुलगी वाचायची नाही, पण निदान शेजारच्या घरात तरी डोळ्यांसमोर राहील, एवढ्यासाठी तिची ही धडपड. थोडंसं अंतर उरतं आणि ॲडी जाते. हद्दीबाहेर गेली, म्हणजे कायमची गेली.

इथे कुणी भूत दाखवलेलं नाही, दचकवणारा आवाज नाही. पोटात गोळा येतो तो एका नियमामुळे, आणि तो नियम तोवरच्या तीन भागांत आपल्या अंगवळणी पडलेला असतो. या मालिकेचा कुठला सीझन उभा राहतो आणि कुठला कोसळतो, हे माझ्या मते याच एका गोष्टीवर ठरतं. मेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याचा नियम सीझनने आखला आहे का? आणि आखला असेल तर शेवटपर्यंत पाळला आहे का? (पुढे बहुतेक सीझनचे शेवट उघड केले आहेत. पाहायचे असतील तर आधी पाहून या.)

रायन मर्फी आणि ब्रॅड फाल्चक यांची ही मालिका एफएक्स वाहिनीवर ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२४ पर्यंत तिचे बारा सीझन झाले. दर सीझनला नवी जागा, नवा काळ, नवी गोष्ट, आणि नट मात्र बरेचसे तेच. आपल्याकडे ‘आहट’सारख्या मालिकेत एखादी गोष्ट फसली तर एक-दोन भागांत तिचा निकाल लागायचा, पुढच्या आठवड्यात कोरी पाटी. इथे फसलेली कल्पना दहा-तेरा आठवडे ओढत न्यावी लागते. पहिल्या सीझनचे बारा भाग, पुढच्या तीन सीझनचे प्रत्येकी तेरा, मग आकडा उतरत गेला आणि ‘१९८४’ला नऊवर आला. भाग कमी झाले म्हणून गोष्टी घट्ट झाल्या असं मात्र झालेलं नाही. कारण दुखणं लांबीचं नव्हतंच.

पहिला सीझन, ‘मर्डर हाउस’, नियमाच्या बाबतीत सगळ्यात काटेकोर. लॉस एंजेलिसमधलं एक घर. हद्दीत मेलेला तिथेच अडकतो, आणि वर्षातून फक्त हॅलोविनला त्याला बाहेर पडता येतं. बस, एवढंच. पण यातून किती काढलंय पाहा. तिथे राहायला आलेल्या कुटुंबातली मुलगी व्हायोलेट सहाव्या भागात मरायला गोळ्या घेते, त्याच घरातलं एक भूत असलेला टेट तिला शुद्धीवर आणायला धडपडतो आणि ती वाचली असं आपण धरून चालतो. त्यानंतर ती घराबाहेर पडत नाही, शाळेत जात नाही. वयात आलेली दुःखी मुलगी शाळा बुडवते यात वावगं काय, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. दहाव्या भागात टेट तिला घराच्या पोटात दडलेलं तिचंच प्रेत दाखवतो. मधले तीन भाग आपण एका भुताबरोबर घालवले आणि सगळ्या खुणा समोर होत्या. उलगडा असा हवा. त्यात नवी माहिती काहीच नसते. पाहिलेल्याच गोष्टींचा अर्थ फिरतो.

या सीझनची खोट शेवटी दिसते. अख्खं कुटुंब मरून घरात एकत्र येतं आणि ख्रिसमसचं झाड सजवतं. मरण म्हणजे सुटका असं एकदा ठरलं की मागच्या अकरा भागांतली भीती थोडी फिकी होते. तरी नियम मोडलेला नाही, म्हणून हा शेवट चालून जातो.

दुसरा सीझन, ‘असायलम’. मालिकेचा कळस कुठला असं विचारलंत तर मी दुसरं नाव घेणार नाही. कागदावर ही खिचडी आहे. १९६४ सालचं मॅसॅच्युसेट्समधलं ब्रायरक्लिफ नावाचं, चर्चने चालवलेलं वेड्यांचं इस्पितळ, त्यात माणसांची कातडी काढणारा खुनी, रुग्णांवर प्रयोग करणारा नाझी डॉक्टर, सैतानाने झपाटलेली जोगीण आणि वरून परग्रहवासी. एवढा पसारा घेऊन सीझन उताणा पडायला हवा होता. पडला नाही, कारण एकही मेलेलं माणूस सोयीसाठी परत आणलेलं नाही. परग्रहवासी ग्रेसला परत आणतात, पण त्याचीही वसुली पुढे कुऱ्हाडीने होते.

दुसरं कारण रचनेत आहे आणि लिहिणाऱ्या कुणीही ते नीट पाहावं. ‘ब्लडी फेस’ हा खुनी कोण, हे कोडं तेरापैकी पाचव्या भागातच सुटतं. सज्जन वाटणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. थ्रेडसन तिथे डांबलेल्या पत्रकार लॅनाला इस्पितळातून सोडवतात, स्वतःच्या घरी नेतात आणि त्या घरातल्या वस्तूंवरून लॅनाला कळतं की आपण कुठे आलो. अजून आठ भाग बाकी असताना लेखकांनी हुकमाचा पत्ता टाकून दिला. मग उरलं काय? लॅनाची गरज बदलली, हे उरलं. तोवर तिला बाहेर पडायचं होतं. आता तिला त्या माणसाच्या पोटातून सत्य काढायचंय, ते ध्वनिफितीवर उतरवायचंय आणि ती फीत घेऊन जिवंत बाहेर पडायचंय. अकराव्या भागात ती बाहेर पडते, टॅक्सीत बसते आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवर थ्रेडसन तिला पाहतो. काचेतून लॅना त्याला ती फीत दाखवते. एवढंसं दृश्य, पण दहा भागांचं व्याज त्यात जमा झालेलं असतं.

जेसिका लँगची सिस्टर ज्यूड तर उलट्या दिशेने चालते. पहिल्या भागात ती छड्यांचं कपाट बाळगणारी, इस्पितळावर हुकूम चालवणारी बाई आहे. लॅनाला तिथे डांबते तीच. नवव्या भागात ती स्वतः त्याच इस्पितळात रुग्ण म्हणून कोंडली जाते. दहाव्या भागात तिला विजेचे झटके दिले जातात आणि नंतर ती ज्यूकबॉक्ससमोर उभी राहून स्वतःचं नाव आठवायचा प्रयत्न करते. तिथून एकदम नाचगाणं सुरू होतं. हे नाचगाणं पुष्कळांना खटकतं. मला ते या मालिकेतलं सगळ्यात भीतिदायक दृश्य वाटतं, कारण ते संपल्यावर ज्यूड तिथेच, त्याच चेहऱ्याने उभी असते.

परग्रहवासी कोण, कशासाठी आले, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. हा दोष आहेच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. फक्त तो धागा कापून टाकला तरी लॅना, ज्यूड आणि थ्रेडसन यांची गोष्ट उभी राहते, म्हणून नुकसान कमी झालं.

मग आला ‘कोव्हन’. न्यू ऑर्लीन्स, चेटकिणींची शाळा, २०१३. दिसायला हा सीझन देखणा आहे, संवाद खुसखुशीत आहेत, जेसिका लँग आणि कॅथी बेट्स दोघींना यासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. पण इथे गाडी रुळावरून उतरली. मिस्टी डे ही चेटकीण मेलेल्यांना उठवू शकते. एकदा ही सोय हाताशी आली आणि लेखकांना ती सोडवेना. काइल मरतो, तुकडे जोडून त्याला उठवतात. मॅडिसनचा गळा चिरला जातो, ती परत येते. मर्टलला खांबाला बांधून जाळतात, तीही परत येते. क्वीनी स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेते आणि तरी नंतर चालत येते. मादाम लालॉरी अमर आहे, त्यामुळे तिचं मुंडकं तोडलं तरी ते बोलतंच राहतं. आठव्या भागापर्यंत सुरी बाहेर निघाली की बघणारा नुसता हिशेब करतो, ही किती भागांनी परतेल. भीती तिथे संपली. उरली ती भांडणं.

आणि याच सीझनच्या शेवटच्या भागात लेखकांना नियम आठवतो, तेव्हा तो किती कामाचा आहे ते दिसतं. सात अद्भुतांच्या परीक्षेत चेटकिणींना नरकात उतरून ठरलेल्या वेळेत परत यायचं असतं. प्रत्येकीचा नरक वेगळा. मिस्टीचा नरक म्हणजे शाळेचा वर्ग. तिला जिवंत बेडूक कापायला लावतात. ती त्याला पुन्हा जिवंत करते, आणि शिक्षक पुन्हा तिच्या हातात सुरी देतो. हे असंच चालू राहतं. ज्या मुलीला कुणाचंही मरण पाहवत नाही, तिच्या वाट्याला हे. वेळ संपते आणि शाळा चालवणाऱ्या कॉर्डेलियाच्या मिठीत तिचं शरीर राख होऊन सांडतं. तेरा भागांतल्या डझनभर मरणांत हे एकच काळजाला लागतं, कारण सगळ्यांना परत आणणारी जी होती तीच गेली.

चौथ्या सीझनबद्दल, ‘फ्रीक शो’बद्दल, मला जास्त लिहायचं आहे, कारण एक तर यात सगळ्यात मोठी संधी हातातून गेली आणि दुसरं म्हणजे यात आपल्या नागपूरची ज्योती आमगे आहे. ६२.८ सेंटीमीटर उंचीची, गिनीज बुकाने २०११ साली तिच्या अठराव्या वाढदिवशी जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणून नोंद केलेली. १९५२ सालच्या फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावाजवळ एल्सा मार्सचा तंबू पडलेला आहे आणि त्यातली ‘मा पतीत’ ज्योतीने केली आहे. तिला संवाद फार नाहीत. तिचं काम आहे ते त्या तंबूतल्या मायेचं. जो तो तिला उचलून कडेवर घेतो.

सातव्या भागात डेल तोलेडो, त्या तंबूतला पहिलवान, तिच्यासाठी छोटासा पोशाख घेऊन येतो. ती हरखते, तो घालून दाखवते. तो तिला जवळ घेतो आणि तिथेच तिचा जीव घेतो. स्टॅन्ली नावाच्या ठकाने त्याला धमकावलेलं असतं. विचित्र देहांच्या संग्रहालयाला स्टॅन्लीला प्रेत विकायचं आहे, आणि सगळ्यांत सोपं सावज डेल निवडतो. पुढे दिसते ती काचेच्या बरणीत ठेवलेली मा पतीत. या दृश्यात एकही अनावश्यक गोष्ट नाही. पोशाख दिला जातो तेव्हाच बघणाऱ्याला कळलेलं असतं आणि तिला कळलेलं नसतं. सीझनचा सगळा आशय त्या बरणीत आहे. या माणसांकडे जग जिवंतपणी तिकीट काढून बघतं आणि मेल्यावरही.

हे इतकं जमत असताना सीझन बिघडला कुठे? चौथ्या भागात. पहिल्या भागापासून ट्विस्टी नावाचा विदूषक भीतीचं सगळं ओझं वाहतो आहे. जॉन कॅरल लिंचने तो फारसं न बोलता, मुख्यतः डोळ्यांनी आणि चालण्याने उभा केला आहे. तोंडावर हसऱ्या दातांचा मुखवटा, आणि मुखवट्याखाली जबडाच नाही, कारण त्याने स्वतःवर बंदूक चालवली होती. चौथ्या भागात एडवर्ड मॉर्ड्रेकचं भूत येतं, त्याची कहाणी ऐकतं आणि त्याला घेऊन जातं. कहाणी हृदयद्रावक आहे, भाग म्हणून सुरेख आहे. पण तेरा भागांच्या गोष्टीतला मुख्य भयस्रोत चौथ्यालाच काढून घेतल्यावर उरलेल्या नऊ भागांना भीतीसाठी दुसरीकडे हात पसरावे लागतात. श्रीमंत घरचा लाडावलेला डँडी मुखवटा उचलतो. तो पात्र म्हणून उत्तम आहे, फक्त तो कोण आहे हे आपल्याला आधीच माहीत असल्याने अज्ञाताची भीती गेली.

‘असायलम’ने पाचव्यात कोडं सोडवलं तर ते जमलं, मग ‘फ्रीक शो’ने चौथ्यात तेच केलं तर का फसलं? फरक साधा आहे. थ्रेडसन उघड झाल्यावरही जिवंत आणि मोकळा होता, उलट जास्त धोकादायक झाला. ट्विस्टी उघड झाला आणि लगेच गेला. उलगडा झाल्यावर धोका वाढायला हवा. तो संपवला तर गोष्टीला परत पहिल्यापासून हवा भरावी लागते, आणि तशी ती भरल्याच्या खुणा पुढे जागोजाग दिसतात. अकराव्या भागात नील पॅट्रिक हॅरिसचा चेस्टर, त्याच्या बाहुलीसकट, नव्याने दाखल होतो. तेरापैकी अकराव्या भागात नवा खुनी! त्याचा धागा दोन भागांत गुंडाळावा लागला आणि तेवढी जागा जुन्या पात्रांच्या शेवटातून कापली गेली.

‘हॉटेल’ भराभर सांगतो. जेसिका लँग गेली, लेडी गागा आली, कॉर्तेझ हॉटेलचा सेट मालिकेतला सगळ्यात भव्य. पण एका इमारतीत दोन नियम ठेवले. हॉटेलात मेलेला भूत होऊन राहतो, आणि गागाने केलेल्या काउंटेसचं रक्त घेतलेला म्हातारा होत नाही. मग मरणाला घाबरायचं कुणी? त्यात दहा आज्ञांप्रमाणे खून करणाऱ्याला शोधणारा पोलीस स्वतःच खुनी आहे, हे बघणाऱ्याने तिसऱ्या-चौथ्या भागात ओळखलेलं असतं आणि मालिका ते आठव्यात सांगते. डेनिस ओ’हेअरने केलेली लिझ टेलर मात्र चुकवू नये. आजाराने मरायला टेकलेली लिझ शेवटच्या भागात हॉटेलातच मरायचं ठरवते, म्हणजे मित्रमंडळींत राहता येईल, आणि काउंटेसचं भूत तिचा गळा चिरतं. नियम पात्राच्या इच्छेला जोडला की काय होतं ते या दहा मिनिटांत आहे.

सहावा सीझन, ‘रोअनोक’, मला वाटतं सगळ्यात कमी लेखला गेलेला. तो सुरू होईपर्यंत विषय गुप्त ठेवला होता आणि नेहमीची शीर्षक-चित्रफीतही काढून टाकली. पहिले पाच भाग म्हणजे टीव्हीवरचा सत्यकथेचा कार्यक्रम. खरी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून सांगताहेत आणि नट तेच प्रसंग करून दाखवताहेत. यात एक मोठी अडचण बसलेली आहे. शेल्बी, मॅट आणि ली समोर बसून बोलताहेत, म्हणजे ती वाचली. मग जंगलातल्या त्या बाईने कितीही कोयता परजला तरी काय? बरेच जण इथेच कंटाळून सोडतात. सहाव्या भागात कार्यक्रमाचा निर्माता खऱ्या माणसांना आणि त्यांची कामं करणाऱ्या नटांना एकत्र त्याच घरात पाठवतो, आणि पडद्यावर पाटी येते की यांतलं एकच जण जिवंत राहिलं. पहिल्या पाच भागांतली सुरक्षितता हीच सापळा होती. एका माणसाच्या दोन आवृत्त्या एका घरात, आणि दोन्ही मरू शकतात. दुखतं ते एवढंच की जीव मुठीत धरून पळणारी माणसं कॅमेरा का सोडत नाहीत, याला पटणारं उत्तर दर वेळी सापडत नाही. दहाव्या भागात चित्रीकरणाच्या इतक्या तऱ्हा एकामागून एक येतात की लीच्या शेवटाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

‘कल्ट’ २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या रात्रीपासून सुरू होतो आणि त्यात भूतखेत नाहीच. पहिले चार भाग कसलेले आहेत. ॲलीला दिसणारे विदूषक खरे की मनाचे, हा पीळ चांगला धरला आहे. ते खरे आहेत हे कळल्यावर सीझन इतिहासाचे धडे देऊ लागतो. इव्हान पीटर्स एकामागून एक खऱ्या पंथप्रमुखांच्या वेशात येतो. अभिनय म्हणून थक्क करणारं, गोष्ट मात्र तेवढा वेळ जागची हलत नाही.

आठव्या, ‘अपोकॅलिप्स’च्या हिशेबाकडे बघा. भाग दहा. पहिल्या तीनमध्ये अणुयुद्धानंतरचं तळघर, आणि तिसऱ्याच्या शेवटी विषारी सफरचंदांनी जवळपास सगळे मेलेले. चौथ्यापासून नवव्यापर्यंत भूतकाळ. दहाव्यात परत वर्तमान. म्हणजे ज्या माणसांची काळजी करायला आपल्याला तीन तास शिकवलं, ती सहा भाग जमिनीवर पडून आहेत. आणि शेवटी मॅलरी ही चेटकीण काळात मागे जाऊन जगाचा नाश घडवणाऱ्या मायकलला त्याआधीच गाडीखाली चिरडते, त्यामुळे घडलेलं सगळं पुसलं जातं. एका माणसाला उठवणं ही ‘कोव्हन’ची चूक होती. इथे अख्खी पृथ्वी उठवली. सहावा भाग तेवढा वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. सारा पॉल्सनने दिग्दर्शित केलेला, ‘मर्डर हाउस’कडे परतणारा, आणि त्यात कॉन्स्टन्स पुन्हा आहे. पण पहिला आणि तिसरा सीझन पाहिल्याशिवाय या सीझनला हात लावू नये, काहीच लागणार नाही.

‘१९८४’ हलकाफुलका आहे, उन्हाळी शिबिरातल्या खुनांचा, आणि पहिले पाच भाग जवळजवळ एका रात्रीत घडत असल्याने वेग टिकतो. शिबिरात मेलेला शिबिरात राहतो, हा पहिल्या सीझनचाच नियम परत वापरला आहे. मालिकेचा शंभरावा भाग याच सीझनचा सहावा, आणि नेमका तिथून काळ वर्षावर्षाने उड्या मारू लागतो आणि पकड सैल होते.

दहाव्या सीझनचे दोन तुकडे आहेत. सहा भागांचा ‘रेड टाइड’ आणि चार भागांचा ‘डेथ व्हॅली’. दुसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पहिल्याचा नियम मात्र या मालिकेत रचलेला सगळ्यात धारदार नियम आहे. प्रॉव्हिन्सटाउन, हिवाळा, ओस पडलेलं किनाऱ्यावरचं गाव. एक काळी गोळी आहे. अंगात प्रतिभा असलेल्याने घेतली तर तो अफाट लिहू लागतो, फक्त त्याला रक्त लागतं. प्रतिभा नसलेल्याने घेतली तर केस गळून तो पांढराफटक, बोलणं विसरलेला प्राणी होऊन रस्त्यावर हिंडतो. गोळी घेण्याआधी तुम्ही दोन्हीपैकी कोण हे कळत नाही. पाचव्या भागात, गावात आलेल्या लेखकाच्या बायकोला, डॉरिसला, तिची स्वतःची मुलगी गोळीकडे ढकलते, नवराही आवरत नाही, आणि डॉरिसमध्ये प्रतिभा नसते. लिली रेबच्या डोळ्यांतला तो प्रश्न विसरता येत नाही. मग सहावा भाग येतो आणि एका भागात अर्धा डझन पात्रांचा निकाल लावून गोष्ट लॉस एंजेलिसला पोचते. नियम मोडला नाही, त्याची फळं दाखवायला वेळच ठेवला नाही. ‘डेथ व्हॅली’चे चार भाग काढून इथे द्यायला हवे होते, हे मत मी बदलणार नाही.

उशिराचे सगळे सीझन वाईट, हा समज अकराव्याने खोडून काढला. ‘एनवायसी’, २०२२, दर आठवड्याला दोन भाग, पाच आठवड्यांत संपला. १९८१ चं न्यूयॉर्क, समलिंगी पुरुषांचे खून, आणि त्यामागे अजून नावही न मिळालेला आजार, म्हणजे एड्स. इथे मेलेलं कुणी परत येत नाही. खुन्याचा निकाल लागतो तरी मरणं थांबत नाहीत, आणि चामड्याच्या मुखवट्यातला तो अवाढव्य माणूस कुणालाच गोळी घालून मारता येत नाही, कारण तो माणूस नाहीच, तो त्या आजाराचं रूप आहे. शेवटच्या दोन भागांत संवाद कमी होत जातात आणि थडगी वाढत जातात. सुरुवात संथ आहे, चार भाग द्यावे लागतात.

बारावा, ‘डेलिकेट’, पहिल्यांदाच एका कादंबरीवरून घेतला. हॉलिवूडमधल्या २०२३ च्या संपांमुळे पाच भागांनंतर एप्रिल २०२४ पर्यंत थांबला. ती फट सोडली तरी मूळ दुखणं राहतंच. गरोदर नटी ॲनाला दिसतं ते खरं की भास, या एकाच प्रश्नावर आठ भाग आणि उत्तराला शेवटचा अर्धा तास. एका प्रार्थनेने सगळं आटोपतं, आणि त्या प्रार्थनेचं सामर्थ्य आधी कुठे रुजवलेलंच नाही.

कुठलाही सीझन धरण्याआधी चार भाग पाहून दोन प्रश्न विचारावेत. मेलेल्याचं काय होतं हे आतापर्यंत कळलं आहे का? आणि खुनी कोण हे या क्षणी कुणी सांगितलं, तरी पुढचा भाग लावाल का? दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर तिथेच सोडा, पुढे फक्त पाणी ओतलेलं असतं. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला, मग दुसरा असंच जावं. नंतर थेट सहावा, तोही सहाव्या भागापर्यंत नेट धरून. मग ‘रेड टाइड’ आणि अकरावा. ‘कोव्हन’ पोशाखांसाठी, नटींसाठी आणि मिस्टीसाठी.

‘फ्रीक शो’ पूर्ण झेपत नसेल तर पहिले चार, सातवा आणि दहावा एवढे पाहा. पण दहावा, ‘ऑर्फन्स’, ‘असायलम’च्या आधी पाहू नका. त्यात तंबूतल्या पेपर नावाच्या बाईची गोष्ट आहे. तंबूतून तिला बहिणीकडे पोचवलं जातं, बहिणीचा नवरा स्वतःच्या बाळाला मारून आळ हिच्यावर ढकलतो आणि तिला ब्रायरक्लिफमध्ये आणून टाकलं जातं. तिला आत घेणारी सिस्टर मेरी युनिस, म्हणजे ‘असायलम’मधली सैतानाने झपाटलेली ती जोगीण, अजून साधी, कनवाळू मुलगी आहे. ती पुढे काय होणार आहे हे आपल्याला माहीत असतं, पेपरला नसतं. इस्पितळाच्या ग्रंथालयात पेपरला एक मासिक सापडतं. मुखपृष्ठावर एल्सा मार्स आहे. पेपर त्या चित्रावरून बोटं फिरवते.